ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच?

नवरात्र संपता संपता महाराष्ट्रात पाऊस बहुधा आवरतो. बंगळुरूत मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच तो जोर धरतो. नोकरीनिमित्त बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीजवळ बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबाला हे पहिल्याच वर्षी कळतं. बाल्कनीतल्या दोरीवर मुलांचे गणवेश दोन-दोन दिवस दमट राहतात. मग घरात ड्रायर येतो आणि सोय होते. पण एखाद्या दिवशी तो तासभर फिरूनही कपडे थंडगार अन् ओलेच निघतात. ‘हीटर जळला!’ असं म्हणून घाबरून जाऊ नका. बऱ्याचदा दोष हीटरमध्ये नसून हवेच्या वाटेत असतो.

आधी यंत्र ओळखा

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबलाही आपण ड्रायरच म्हणतो. त्यात हीटर नसतो. तो कपडे वेगाने फिरवून फक्त पाणी काढतो, तेव्हा कपडे गरम न होणं हा त्याचा दोष नव्हे. खऱ्या ड्रायरमध्ये पंखा गरम हवा ड्रममधून खेळवतो आणि ती हवा कपड्यांमधला ओलावा घेऊन जाते. हवा अडली की वाळणंही अडतं.

हवेची वाट मोकळी करा

कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू जाळीच्या फिल्टरवर साचतात. प्रत्येक वेळी ते काढून टाका. जाळी स्वच्छ दिसत असली, तरी तिच्यावर पाणी ओतून पाहा. पाणी साचून राहिलं, तर छिद्रं बुजली आहेत असं समजा. मऊ ब्रशने साबण लावून जाळी धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा.

हवा बाहेर सोडणारा पाइप असेल, तर तो भिंतीला दबून मुडपलेला नाही ना, बाहेरचं तोंड बुजलेलं नाही ना, हे पाहा. पाइप नसलेल्या ड्रायरमध्ये पाण्याची टाकी रिकामी करा. ड्रम गच्च भरू नका आणि बटण चुकून थंड हवेवर तर नाही ना, हेही तपासा.

विजेकडे लक्ष द्या

हीटरला साधारण 2,000 वॅट किंवा त्याहून जास्त वीज लागते. त्यासाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. व्होल्टेज 230 वरून 180 वर घसरलं, तर हीटरची उष्णता जेमतेम 60 टक्के उरते. ड्रम मात्र फिरतच राहतो, म्हणून दोष लक्षात येत नाही.

फ्यूज काय सांगतो?

हवा कोंडली की आतली उष्णता वाढते. ती धोक्याच्या पातळीला पोहोचली की थर्मल फ्यूज वितळतो. अनेक ड्रायरमध्ये त्यानंतर हीटर बंद पडतो, पण ड्रम फिरत राहतो. हा फ्यूज घराचा राखणदार आहे. ‘सध्या वायर जोडून देतो, चालेल,’ असं कुणी म्हटलं, तर स्पष्ट नकार द्या. आत साचलेले कोरडे तंतू चटकन पेट घेतात. नवा फ्यूज बसवताना ‘जुना का उडाला?’ हे मेकॅनिकला अवश्य विचारा. वाट मोकळी केली नाही, तर नवाही उडेल.

फिल्टर, पाइप आणि सॉकेट तपासूनही ड्रायर गरम होत नसेल, तर हीटरची कॉइल किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो. ते काम जाणकाराचं. जळका वास आला किंवा प्लग तापला, तर लगेच मेन स्विच बंद करा. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमध्ये कधीच टाकू नका. ती गरम अवस्थेत ढिगात राहिली, तर आपोआपही पेटू शकतात. ड्रायर चालू ठेवून झोपू नका किंवा बाहेरही जाऊ नका.

दोन मिनिटं जाळी साफ करण्यात गेली, तर बिघडत नाही. गणवेश वेळेवर वाळतात आणि घरही सुरक्षित राहतं.