ओळख विज्ञानाची : कर्णा का फाटतो?

राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती रंगात येऊन निवेदकाचा स्वर चढला, की कर्ण्यातून शब्दांऐवजी घरघर ऐकू यावी, हे पुष्कळांनी अनुभविले असेल. कंठ निर्दोष असूनही ध्वनी फाटतो, कारण आवाज मोठा करणाऱ्या विवर्धकातील ट्रान्झिस्टर स्वभावतः सरळमार्गी नाही: सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे 0.6 व्होल्टपर्यंत जवळजवळ प्रवाहच वाहू देत नाही, आणि पुढेही लहानमोठे संकेत सारख्याच पटीने वाढवीत नाही.

विवर्धकातील असा दोष आवरण्याची युक्ती, ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीच, हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्यास 1927 साली, हडसन नदी ओलांडताना नौकेत सुचली. जुन्या दफ्तरखान्यात नक्कल अस्सलाशी ताडून पाहत, तद्वत् बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्पांश मागे आणून मूळ संकेतातून वजा करावयाचा. उरलेला फरकच विवर्धकात जात असल्यामुळे, जिथे स्वर अवाजवी फुगला तिथे तो आपोआप दाबला जातो, खचला तिथे उचलला जातो. मोबदल्यात वर्धनाची पट बरीच घटते. परंतु ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यापासून एखादा टप्पा अधिक जोडणे जड जात नाही.

दोन ट्रान्झिस्टरांनी लहरीचे वरचे व खालचे अर्ध वाटून घेतले असता सांध्यापाशी पडणारी खोच मात्र, दोघांतून सतत थोडा प्रवाह खेळता ठेवून, आधीच बुजविलेली बरी. दोघेही बंद असताना दुरुस्ती करणार कोण? आणि विद्युत्पुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे आवाज ताणला, तर लहरींचे माथे सपाट कापले जातात. तिथे ही ताडणीही लाचार ठरते, आणि ध्वनिक्षेपकवाल्याने निमूटपणे आवाजाचे बटण मागे फिरवावे, हेच उत्तम.