शाबासकी नेमकी कशाची?

छत्रपती संभाजीनगरच्या शाळांत छडीला आता कायद्याने जागा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केली आहे. मग शिस्त कशाने लावायची? पटकन सुचतं ते बक्षीस. मात्र १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं, तेव्हा पुढे मोकळ्या वेळातलं त्यांचं चित्र काढणं घटलं. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. खोट आहे ती आधी ठरवलेल्या सौद्यात.

कौतुकाचंही तसंच. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांना दिसलं, की ‘हुशार’ म्हटलेली पाचवीच्या वयाची मुलं अपयशानंतर लवकर खचतात. मेहनतीचं कौतुक झालेली चिवटपणे प्रयत्न करतात. म्हणून ‘गुणी बाळ’ म्हणण्यापेक्षा ‘रांगेत तू धाकट्याला पुढे जाऊ दिलंस’ हे वाक्य मोलाचं. भरलेल्या वर्गात एवढं कसं जमणार, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. ओरडण्याइतकाच वेळ याला लागतो, हेही तितकंच खरं. गटात शिकण्याचा आधार घेता येतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ पासून जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम याच वाटेने गेला. कौतुकाने मुलं लाडावतील, ही भीती पालकांना वाटते. पण नेमक्या कौतुकात अपेक्षाही स्पष्ट सांगितलेली असते. पालकसभेत गुणांआधी मुलाने केलेली एक चांगली गोष्ट शिक्षकांना जरूर विचारा.