काचेच्या पेटीतील ओढा

‘शिवाजीनगर’ म्हटले की मराठी माणसास प्रथम पुणे आठवते. परंतु बंगळुरूमध्येही एक गजबजलेले शिवाजीनगर आहे. १९२७ साली बांधलेल्या तेथील रसेल मार्केटच्या परिसरात शोभिवंत मासे विकणारी दुकाने आहेत. सोनमासे, गप्पी यांच्या गर्दीत, तळाशी दगडाआड दडलेला एखादा पट्टेदार मासा तेथे दृष्टीस पडतो. तो म्हणजे ‘झेब्रा लोच’. या कुळातील माशांना आपल्याकडे मुरी किंवा मुरा म्हणतात.

या माशाचे बंगळुरूशी जुने नाते आहे. येथील सेंट्रल कॉलेजातील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतील नमुन्यांवरून त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले व त्यास ‘बोटिया स्ट्रायाटा’ हे नाव दिले. कृष्णेच्या खोऱ्यातील सह्याद्रीच्या नद्यांत, कोल्हापूर परिसरातही, तो आढळतो. जगात अन्यत्र तो नैसर्गिकरीत्या सापडत नाही.

मुरी पाळावयाची तर प्रथम ओढा समजून घ्यावा. खडकांवरून उसळणाऱ्या पाण्यात हवा सतत मिसळत असते. पाणी जितके थंड, तितका प्राणवायू अधिक. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसातच. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूची सौम्य हवा म्हणूनच या माशास मानवते. पुणे-नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र पाणी २६ अंशांच्या आसपास राखण्यासाठी पेटीवर छोटा पंखा लावावा लागतो.

पाच-सहा मुऱ्यांच्या समूहासाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितकीच उंच पेटी घ्यावी. तीत सुमारे १३० लिटर पाणी मावते. केवळ पाण्याचेच वजन १३० किलो होत असल्याने मेज भक्कम हवे. तळाशी बारीक वाळू पसरावी. टोकदार खडीने तोंडाजवळच्या नाजूक मिशा झिजतात. गुळगुळीत गोटे रचून लपण्याच्या जागा कराव्यात. ताशी हजार-बाराशे लिटर पाणी फिरविणारा पंप एका टोकास लावला की प्रवाह निर्माण होतो. हे मासे उडी मारतात. म्हणून झाकण आवश्यक आहे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याशिवाय ते पेटीत घालू नये. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया विषारी असतो. उपकारक जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू गाळणीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासे आणू नयेत. पुढे दर आठवड्यास एक तृतीयांश पाणी बदलावे.

बुडणारे खाद्य, गोठविलेले कृमी व छोट्या गोगलगाई हा मुरीचा आहार. तिचे खवले अत्यंत सूक्ष्म असल्याने औषधे तिला लवकर बाधतात. ती बेताच्या मात्रेनेच द्यावीत. डोळ्याखालील काटा जाळीत अडकतो. म्हणून तिला हलविताना शक्यतो भांड्याचा उपयोग करावा. वीज गेल्यास चालणारा बॅटरीचा हवापंप जवळ असावा.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. अधिवासाचा ऱ्हास व शोभेच्या व्यापारासाठी होणारी पकड ही त्याची प्रमुख कारणे होत. मासा ओढ्यातून धरलेला की पैदास केंद्रातील, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास खरेदी टाळावी. पाळलेले मासे नदीत सोडणेही अयोग्य. त्यामुळे तेथील माशांत रोग पसरू शकतात.

मुदत ठेवीत मुद्दलास हात न लावता व्याजावर भागविणे शहाणपणाचे, हे आपण ग्राहक जाणताच. सह्याद्रीचे ओढे हे आपले असेच सामायिक मुद्दल आहे. ते शाबूत ठेवून जोपासलेला छंदच खरा आनंद देईल.