जिद्दा जवळ, मुंबई लांब

अम्मी-अब्बांना हजसाठी पोचवायला निघालो तेव्हा आम्ही हिशेब मांडला. मुंबई ते जिद्दा हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर, विमानाला जेमतेम साडेपाच तास. बुलढाणा ते मुंबई मात्र अख्खी रात्र! बुलढाण्याला रेल्वे नाही. आधी मलकापूर गाठायचे, मग गाडी. अब्बांचे गुडघे तिथेच बोलू लागले. दादी बोटीने गेली होती, आठवड्याहून जास्त दिवस समुद्रात. ती बोट 1995 नंतर बंद झाली. एक ध्यानात ठेवा, जिद्द्याला जाताना मीकात विमान उतरण्याआधीच येते. म्हणून अब्बांनी एहराम मुंबईतच बांधला. तिथले घड्याळ अडीच तास मागे. पहाटे निघाले, सकाळीच पोचले. अम्मींचा फोन आला तेव्हा आमची परतीची गाडी मनमाडलाही पोचली नव्हती.