मान किती वळली?

मानेवर हाताने उपचार करताना ती नेमकी किती वळली, हे केवळ बोटांच्या अंदाजावर सोडू नये. निरोगी मान एका बाजूला साधारण 80 अंश वळते आणि त्यातले जवळपास निम्मे वळण वरच्या दोन मणक्यांतच होते. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी याच मणक्यांच्या छिद्रांतून जाते, म्हणून इथे थोड्या अंशांनाही किंमत आहे. या उपचारात मानेला दिलेला झटका पाव सेकंदाच्या आत संपतो. तेवढ्यात साधा कोनमापक लावताच येत नाही. पण मोबाइलमध्ये असतात तसले दोन सेन्सर, एक कपाळावर आणि एक छातीच्या मध्यावर बांधला, तर धडाच्या तुलनेत डोके किती आणि किती वेगाने फिरले हे कळते.

सेन्सर कातडीवर बसतो, हाडावर नाही, हा आक्षेप खरा आहे. एकेका मणक्याची हालचाल त्यातून समजत नाही. तरी एकाच रुग्णाची उपचाराआधीची आणि नंतरची तुलना करायला, शिकाऊ हाताला त्याचा वेग दाखवायला तो उपयोगी पडतो. चंदीगडमध्ये 1962 साली सुरू झालेली पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि 1959 साली स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना एकाच शहरात नांदतात. उपचार करणारा हात आणि मोजणारे यंत्र यांनीही असेच शेजारी राहावे. यंत्र हाताची जागा घेणार नाही, पण हाताला आपली चूक दाखवील.