फुकटच्या पैशाने हात थांबतात काय?



मागे एका गट कार्यालयावर खोडवा व्यवस्थापनाची बैठक होती. बुडखे छाटणी, पाचट, खताची मात्रा असे सगळे बोलून झाले आणि चहा आला. तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, खोडव्याचं आम्ही बघतो. पण खुरपायला बाई मिळंना, तोडीला टोळी मिळंना, त्याचं काय? २०२४ पासनं बायकांच्या खात्यावर महिन्याला दीड हजार पडायला लागलं. घरबसल्या पैसा आल्यावर रानात कोण येतंय?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एक सभासद ताई म्हणाल्या, "आबा, दीड हजारात तेल-मीठ होतं, संसार होत नाही. तुमच्या खात्यावर किसान सन्मानचं पैसं आलं, म्हणून तुम्ही शेती सोडली का?" मोठा हशा झाला आणि बैठक संपली.

योजना चांगली की वाईट हा राजकारणाचा विषय, आपल्या पत्रिकेचा नव्हे. परंतु आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काम न करता पैसे मिळाले तर माणूस किती काम सोडतो? हे मोजता येते, आणि अमेरिका व कॅनडात ते मोजलेही गेले आहे.

आपण नवे खत तपासतो तेव्हा एकाच रानात दोन प्लॉट करतो. एकाला खत द्यायचे, दुसऱ्याला नाही. पाणी, बेणे, लागणीची तारीख सारखी ठेवायची. मग वजनात जो फरक येईल तो खताचा. तिकडच्या अभ्यासकांनी नेमके हेच माणसांच्या बाबतीत केले. गरीब कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकून काहींना ठरावीक उत्पन्नाची हमी दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांच्या कामाचे तास लिहून ठेवले.

याची गरज का पडली? अमेरिकेत लहान मुले असलेल्या निराधार आईला सरकारी मदत मिळे. पण १९६७ च्या दुरुस्तीपूर्वी तिने एक डॉलर कमावला की साधारण तितकाच डॉलर मदतीतून कापला जाई. दिवसभर राबायचे आणि हातात वाढीव काहीच नाही! मग कोण कामाला जाईल? दोष बाईच्या आळसाचा नव्हता, कपातीच्या हिशेबाचा होता.

मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ च्या आपल्या पुस्तकात यावर तोड सुचवली. तिला 'उलटा आयकर' म्हणता येईल. समजा हमी महिना १००० रुपयांची आहे आणि कपात रुपयाला आठ आणे. काही न कमावणाऱ्याला १००० मिळतील. १००० कमावले तर मदत ५०० वर येईल, हातात १५००. २००० कमावले की मदत बंद, पण हातात २०००. म्हणजे जो जास्त राबेल त्याच्या हातात जास्त राहील.

हे कागदावर ठीक. रानात काय होते ते पाहण्यासाठी १९६८ साली न्यू जर्सीत पहिला प्रयोग सुरू झाला. पुढे आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील ग्रामीण भागात, गॅरी या पोलादाच्या गावात, आणि शेवटी सिएटल व डेन्व्हर येथे. शेवटचा प्रयोग सर्वांत मोठा, सुमारे ४८०० कुटुंबांचा.

चारही प्रयोगांचा एकत्र हिशेब १९८५ साली मांडला गेला. हमी मिळालेल्या घरच्या कर्त्या पुरुषांचे काम वर्षाला सुमारे दोन आठवड्यांनी घटले. बायकांचे सुमारे तीन आठवड्यांनी, तरुण मुलांचे सुमारे चार आठवड्यांनी. बायकांचे मुळातले बाहेरचे काम कमी असल्याने त्यांची टक्केवारी मोठी दिसली. म्हणजे घट झाली, हे आबांचे म्हणणे खरे. पण ५२ आठवड्यांत दोन! वीस गड्यांची टोळी धरली तर पुरता एक गडीही कमी होत नाही. हात मोकळे सोडून बसलेल्यांची फौज कुठे दिसली नाही. न्यू जर्सीत तर अशा घरची मुले शाळा पुरी करण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

वजनकाट्याची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. कमाई वाढली की मदत कमी होणार, म्हणून गॅरीत काही घरांनी आपली कमाई कमी सांगितल्याचे पुढे तपासात दिसले. म्हणजे कागदावर जेवढे काम घटले, त्यातले काही प्रत्यक्षात घटलेच नव्हते.

कॅनडातील प्रयोग आपल्याला अधिक जवळचा वाटेल. मॅनिटोबा प्रांतात डॉफिन नावाचे शेतीवर चालणारे गाव आहे. १९७४ पासून तेथे चिठ्ठ्या न टाकता सगळ्या गावालाच हमी दिली. ज्याचे उत्पन्न घसरेल त्याला पैसे मिळणार, मग तो मजूर असो की स्वतःचे शेत करणारा. १९७९ पर्यंत सरकारे बदलली, पैसा आटला आणि प्रयोग बंद झाला. कागदपत्रे सुमारे १८०० खोक्यांत भरून ठेवून दिली. कित्येक वर्षांनी एव्हलिन फोर्जे या प्राध्यापिकेने ती शोधली आणि सरकारी दवाखान्यांच्या नोंदींशी गावाचा ताळा घातला. २०११ साली त्यांनी दाखवून दिले की त्या काळात डॉफिनच्या लोकांचे इस्पितळात दाखल होणे शेजारच्या तशाच लोकांच्या तुलनेत साडेआठ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि बारावीपर्यंत शिकणारी मुले वाढली होती. एका हंगामाने घर कोसळणार नाही एवढी खात्री असली की माणसाचे शरीरही सावरते. दोन हंगाम पाण्याविना गेलेल्या सभासदाला हे वेगळे सांगायला नको.

अलीकडचा आकडाही सांगतो, म्हणजे एकच बाजू सांगितली असे होणार नाही. अमेरिकेत टेक्सास आणि इलिनॉय राज्यांत १००० गरजूंना तीन वर्षे महिना १००० डॉलर दिले. २०२४ साली निकाल आला. त्यांचे काम आठवड्याला सरासरी सुमारे सव्वा तासाने घटले. थोडे, पण घटले. शिवाय असे प्रयोग ठरावीक मुदतीचे असतात. पैसे बंद होणार हे ठाऊक असलेला माणूस हातची नोकरी सहसा सोडत नाही. कायमची हमी दिली तर काय होईल, हे त्यावरून पुरते कळत नाही.

अमेरिकेने शेवटी वेगळा रस्ता धरला. १९९६ च्या कायद्याने मदतीला कामाची अट आणि पाच वर्षांची मुदत घातली. त्याच सुमारास कमावणाऱ्यालाच वर पैसे देणारी कर-सवलत वाढवली. एकट्या आया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. त्यात कायद्याचा वाटा किती, सवलतीचा किती आणि तेव्हाच्या तेजीचा किती, यावर तिकडे अजून वाद आहे. आपल्या राज्याने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. तिथे पैशाची नव्हे, कामाची हमी होती.

मग टोळी का मिळत नाही? याचा धागा मला मध्य प्रदेशात सापडतो. तेथे २०११ नंतर 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या साह्याने आठ गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये, पुढे ३०० रुपये, विनाअट दिले. लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी थोडी सोडून स्वतःच्या तुकड्यात राबू लागले, कुणी शेळ्या-कोंबड्या केल्या.

म्हणजे हात थांबत नाहीत, बांध बदलतात. आपल्याला मजूर कमी पडतो हे खरेच, पण त्याला आळस म्हणणे चुकीचे. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो उचल घेतल्याशिवाय चूल पेटत नाही म्हणून येणार नाही. परवडते म्हणून येईल, आणि न परवडले तर नाही म्हणेल. आपणही बिल थकले की दुसऱ्या कारखान्याकडे बघतोच की!

तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढची लागण पाच फुटी सरीवर करावी, म्हणजे यंत्राने तोड करता येईल. आणि जी टोळी येईल तिला फडाजवळ प्यायचे पाणी, बायकांना आडोसा आणि वजनाची चिठ्ठी त्याच दिवशी मिळेल एवढे पाहावे. आबा, पुढच्या बैठकीत याच्यावर तुमचे काय म्हणणे ते ऐकायला मी चहाच्या आधीच येतो.

— ऊस विकास अधिकारी