मुलांचे परदेशी शिक्षण : व्हिसा आणि आपले ऊसबिल



शेतकी ऑफिसात सभासद येतात ते लावणीची नोंद घालायला, तोडीची तारीख विचारायला, नाहीतर बेण्याच्या चौकशीला. गेल्या काही हंगामांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. "साहेब, पोरीचं इंग्लंडचं ठरतंय, ऊसबिलाचा दाखला पाहिजे, आणि उद्याच पाहिजे." दाखला आम्ही देतो. पण पुष्कळदा तो हातात पडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, आणि घरात पैसा असूनही कागद नीट नाहीत म्हणून अर्ज नामंजूर होतो. ऊस पिकवणाऱ्याचा पैसा आणि व्हिसाचे नियम यांचा मेळ नेमका कुठे बसत नाही, तेवढेच येथे सांगावयाचे आहे. विषय आमच्या खात्याचा नव्हे; परंतु ज्या कागदांवर हे सारे अडते ते आपल्याच बिलाचे आणि आपल्याच सातबाराचे असतात, म्हणून हा खटाटोप.

आपल्या भागाला परदेशी शिक्षण काही नवे नाही. ज्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, ते पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्यामागे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या हाताखाली साताऱ्यात घडलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आंबेडकर गेले तेव्हा अमेरिकेत आजच्यासारखा विद्यार्थी व्हिसा हा प्रकार नव्हता. अडचण होती ती पैशाची, आणि ती सोडवायला बडोद्याच्या दरबारचा एक हुकूम पुरला. आज पैसा असला तरी तो आहे हे परक्या माणसाला, आपल्याला कधीही न भेटता, नुसत्या कागदावरून पटले पाहिजे.

पासपोर्ट आणि व्हिसा यांत अजून गल्लत होते. पासपोर्ट आपले सरकार देते. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. व्हिसा म्हणजे त्या देशाने आपल्या हद्दीत शिरण्यासाठी दिलेली परवानगी. त्याआधी विद्यापीठाचा प्रवेश लागतो, आणि प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ एक कागद पाठवते. इंग्लंडात त्याला कॅस म्हणतात, अमेरिकेत आय-२०. त्या कागदावाचून विद्यार्थी व्हिसाचा अर्जच होत नाही. तेव्हा "आधी व्हिसा काढून देतो, कॉलेज मागाहून बघू" असे कोणी म्हणाला तर त्याच्या पायरीवर चप्पलसुद्धा काढू नये.

कागद आला की प्रश्न उरतात तीन : पैसा किती, कोणाचा, आणि किती दिवसांपासूनचा. आपली माणसे पहिल्याची काळजी करतात आणि मार खातात ती पुढच्या दोघांत.

इंग्लंडचेच घेऊ, कारण तेथील नियम काटेकोर आहेत. पहिल्या वर्षाची भरावयाची राहिलेली फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च, एवढी रक्कम खात्यात दिसावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड व लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतात आणि तो जास्तीत जास्त ९ महिन्यांचा दाखवायचा असतो. ही रक्कम लागोपाठ २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे. एक दिवस जरी आकडा खाली गेला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला असावा लागतो.

आता आपले खाते बघा. कायद्याने १४ दिवसांत एफआरपी द्यायची असली तरी बिल येते ते हंगामातच. त्यातून सोसायटीची वसुली आधी वळती होते, उरलेल्यातून खताच्या दुकानाची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता, कुणाचे लग्न. मार्चमध्ये लाखांत असलेले खाते जूनला हजारांवर येते. इंग्लंडचा अर्ज असतो साधारण जून ते ऑगस्ट. म्हणजे पैसा येतो एका मोसमात आणि दाखवायचा असतो दुसऱ्या मोसमात. आमच्या पाहण्यातले निम्मे घोळ या एका गोष्टीतून होतात.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे जमीन अजून आजोबांच्या नावावर, ऊस चुलत्याच्या नावावर नोंदलेला, शेअर आईच्या नावावर, आणि शिकायला जाणारा नातू. घरात याने काही बिघडत नाही. पण इंग्लंडच्या नियमात पैसा स्वतः विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या आईवडिलांचा असावा लागतो (वैवाहिक जोडीदार, कायदेशीर पालक किंवा अधिकृत शिष्यवृत्ती देणारा असेल तर तेही चालतात). आजोबा आणि चुलते त्यात बसत नाहीत. त्यांनी पैसे द्यावेत, जरूर द्यावेत, पण ते बरेच आधी आईवडिलांच्या खात्यावर यावेत आणि कोठून आले याचा कागद असावा. अमेरिकेत नातेवाइकाचा आधार चालतो. तेथे तो का देतो आणि त्याची मिळकत काय, हे पटवावे लागते.

तिसरी गोष्ट सहकारात वाढलेल्या माणसाला जरा बोचेल, पण सांगितली पाहिजे. आपला पैसा असतो पतसंस्थेत, सोसायटीत, कारखान्याच्या ठेवीत. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे ज्या संस्थेवर योग्य त्या नियामकाची देखरेख नाही, जिच्या नोंदी संगणकावर नाहीत, किंवा जिच्याकडून खातरजमा करून घेता येत नाही, तिच्यातला पैसा धरत नाहीत. पूर्वी तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बँकांच्या याद्याच निघत, आणि न चालणाऱ्यांत आपल्याकडच्या सहकारी बँकांची नावे रांगेने असत. त्या याद्या गेल्या, कसोटी राहिली. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. तेव्हा पतसंस्थेतली ठेव कितीही पक्की असली तरी व्हिसासाठी तिचा भरवसा धरू नये. मुदत संपताच ती परवाना असलेल्या, व्यवहार संगणकावर चालणाऱ्या बँकेत आणावी. कारखान्याचा शेअर, परतीची ठेव, घरातले सोने, भिशी आणि सातबारा यांची किंमत त्या २८ दिवसांच्या हिशेबात शून्य. सातबारा कुटुंबाची पत दाखवायला अमेरिकेसारख्या ठिकाणी उपयोगी पडतो, पण तो रोख रक्कम नव्हे.

जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच रोखून ठेवलेल्या खात्यात भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ युरो आहे. तेथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोच हातात पडतात. पैसा खरोखरच भरलेला असल्याने मोसमाची कटकट नाही, मात्र रक्कम एकदम उभी करावी लागते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आपल्या गुणपत्रिका एपीएस या जर्मन कार्यालयाकडून तपासून घ्याव्या लागतात. कॅनडाने झटपट अर्जाची सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली, आणि ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ पासून 'हा खरोखरच शिकायला येतो काय' याची चौकशी कडक केली. आकडे दरवर्षी हलतात, तेव्हा त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरचा आकडा अर्जाच्या आठवड्यात पुन्हा पाहावा.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत होते. ती दोन-चार मिनिटांत आटोपते. त्यांच्या कायद्यात अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरलेले आहे; तसे नाही हे अर्जदाराने पटवायचे. जून २०२५ पासून समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचनाही आहे. या मुलाखतीत शेतकऱ्याचे पोर अडते ते इंग्रजीपेक्षा घरच्या माहितीपाशी. वडील काय करतात? शेती. किती जमीन? ठाऊक नाही. वर्षाचे उत्पन्न? ठाऊक नाही. ज्याला आपल्या रानात को ८६०३२ आहे की फुले २६५, आणि एकरी टनेज किती पडते हे सांगता येत नाही, त्याच्या कागदावरचे आकडे खरे कसे वाटावेत? जाण्यापूर्वी मुलांना एकदा बांधावरून फिरवून आणा.

उत्पन्नाच्या पुराव्याबद्दल. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपण विवरणपत्र भरतच नाही. मग अधिकाऱ्यापुढे एवढी मोठी ठेव आणि उत्पन्नाचा पुरावा कोरा, असे चित्र जाते. विवरणपत्रात शेतीचे उत्पन्न करमाफ म्हणून दाखवता येते. दोन-तीन वर्षे तसे भरलेले असले, जोडीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याचे ऊसबिलाचे पत्रक आणि ते बिल जमा झालेले बँकेचे पान असले, की साखळी पुरी होते. या चारांतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. दाखल्यावर शिष्यवृत्तीसाठी एक लाख आणि व्हिसासाठी बारा लाख, असे दोन दाखले एकाच घरातून निघाल्याचे आम्ही ऐकले आहे. ते अंगाशी येते.

कर्जाचे म्हणाल तर शेतकऱ्याला वाटते, जमीन आहे, बँक देईल. बँकेची अडचण अशी की २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण परस्पर ताब्यात घेता येते, पण तो कायदा शेतजमिनीला लागू नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका सहसा बिगरशेती प्लॉट, घर किंवा ठेव मागतात. गावठाणातल्या घराला पूर्वी धड कागद नसे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळते. ज्यांच्या गावी मोजणी झाली आहे त्यांनी ती काढून ठेवावी. विद्यापीठ नामांकित असेल तर काही बँका त्यांच्या यादीप्रमाणे बिनतारणही देतात. जमशेटजी टाटांच्या नावाने १८९२ पासून चालू असलेली कर्ज-शिष्यवृत्ती आहे, आणि मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची शिष्यवृत्ती आहे. तिला सयाजीराव महाराजांचेच नाव दिले आहे. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे. खाजगी सावकाराकडून २८ दिवसांपुरते 'दाखवायला' पैसे आणणे मात्र सर्वांत वाईट. व्याज जाते, आणि अचानक आलेली रक्कम तपासणाऱ्याच्या नजरेत भरते.

सातारा, सांगली, कऱ्हाडात सल्ला देणारी ऑफिसे झाली आहेत. त्यांत चांगलीही आहेत. पण सल्ला फुकट असला तर त्यांचा मेहनताना बहुधा परदेशी कॉलेजच्या कमिशनातून येतो, हे ध्यानात ठेवून ऐकावे. अर्जावर सही आपल्या मुलाची असते, एजंटाची नव्हे. २०२३ साली कॅनडात गेलेल्या कित्येक भारतीय मुलांची प्रवेशपत्रेच एजंटाने बनावट दिल्याचे उघडकीस आले. शिकून नोकरीला लागल्यावर त्यांच्यावर हद्दपारीची पाळी आली. नुसता नकार मिळाला तर चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. खोटा कागद सापडला तर कॅनडा ५ वर्षे, इंग्लंड १० वर्षांपर्यंत दार बंद करते, आणि अमेरिका कायमचे करू शकते.

खर्चाचा एक हिशेब टनात मांडून दाखवतो. इंग्लंडात आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. वर्षाच्या एम.एस्सी.लाही व्हिसा वर्षाच्या पुढे काही महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड. पौंड ११५ रुपये आणि हातात पडणारा दर टनाला ३,३०० धरला तर हा सुमारे ४० टनांचा ऊस झाला. फी, विमान आणि राहणे अजून बाकीच आहे. शिकता शिकता काम करून फी फेडू, हा हिशेब करू नये; कॉलेज चालू असताना तेथे आठवड्याला २० तासच काम करता येते, त्यातून जेवण सुटले तरी पुष्कळ. रान विकून एका वर्षाच्या पदवीला पाठवण्यापूर्वी ती पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि तिच्यावर नोकरी कोणाला लागली, हे घरच्यांनी स्वतः शोधावे असे आमचे मत आहे.

म्हणून हे काम खोडव्यासारखे करून भागत नाही, आडसालीसारखे करावे लागते. सप्टेंबरला मूल जायचे असेल तर आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून लागावे. वारसनोंद आणि फेरफार राहिला असेल तर तो आधी, कारण त्याला वेळ लागतो. दहावीचे प्रमाणपत्र, आधार व पासपोर्टवरच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक करून घ्यावे. विवरणपत्र जुलैअखेरपर्यंत भरावे. पुढच्या हंगामाचे बिल ज्या खात्यावर घ्यावयाचे ते आईवडिलांचे व चालणाऱ्या बँकेचे असावे, आणि त्यातली लागणारी रक्कम वसुली-उधारी भागताच ठेवीत बाजूला काढावी.

मागील हंगामांच्या ऊसबिलाचे पत्रक ज्यांना हवे असेल त्यांनी सभासद क्रमांक व पासबुक घेऊन शेतकी ऑफिसात यावे. बिल दुसऱ्याच्या नावावर निघत असेल तर त्या खातेदाराची सही लागेल. लावण नोंदीच्या गर्दीत आमची माणसे रानात असतात, तेव्हा दुपारनंतर यावे, आणि दाखला उद्या पाहिजे असे म्हणू नये.